पाचवे नाव

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मला सगळे पेटारा म्हणतात. हे नाव लाडाने पडलेले नाही. माझी पेटी अवजड आहे, माझा पंखा दमेकऱ्यासारखा घरघरतो आणि मला जागचा हलवायला दोन माणसे लागतात, म्हणून ते पडले. आता माझ्या पाठीवर 'भंगार' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. कोणत्याही क्षणी ती दोन माणसे येतील. त्याआधी माझी कहाणी तुम्हाला सांगून टाकतो. ती फारशी गोड नाही. गोड हवी असेल तर शेजारच्या टेबलावरच्या नव्या संगणकाला विचारा. त्याला अजून काही माहीत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आम्ही सगळी भावंडे एकाच पट्ट्यावरून सरकत पुढे आलो. कोणी बँकेत गेले, कोणी तिकीटघरात, एक तर म्हणे दवाखान्यात लागले आणि माणसांच्या हृदयाचे ठोके दाखवू लागले. मला वाटले होते की माझ्याही नशिबी असेच काही थोर काम येईल. मी आलो एका संशोधन संस्थेच्या पाणी विभागात. लांबट खोली, एका बाजूला काचेच्या बाटल्यांची फडताळे, कोपऱ्यात गळका नळ आणि खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत. त्या भिंतीकडे तोंड करून मला बसवले.

माझे काम एकच होते. संशोधन करणारी माणसे दुसऱ्यांचे लेख वाचतात आणि आपल्या लेखाच्या शेवटी त्यांचे उल्लेख देतात. कोणी लिहिले, काय लिहिले, कोणत्या नियतकालिकात, कोणत्या साली, कोणत्या पानावर. हे सगळे हाताने लिहिताना भलेभले रडकुंडीला येतात, कारण एका संपादकाला साल आधी लागते आणि दुसऱ्याला शेवटी. म्हणून संस्थेने हे उल्लेख सांभाळणारे एक सॉफ्टवेअर घेतले. ते महाग होते, म्हणून एकाच यंत्रापुरते घेतले, आणि ते यंत्र म्हणजे मी. छापून आलेल्या प्रत्येक लेखाला एक कायमचा क्रमांक असतो. तो माझ्यात टाकायचा आणि कळ दाबायची. पडद्यावर एक कडे गरगर फिरते आणि लेखकांची नावे, मथळा, साल, पाने, सगळे दूरच्या साठ्यातून येऊन आपापल्या रकान्यात बसते. माणसाने काही लिहायचे नाही, फक्त बघायचे.

पहिली वर्षे माझा काय तोरा होता! सकाळपासून माझ्यासमोर रांग लागे. विभागात एक हावरट गृहस्थ होते, ते बसल्या बैठकीला शेकडो लेख माझ्यात ओतत आणि त्यातला एकही वाचत नसत. दुसरे एक विसराळू होते. ते तोच लेख पुन्हा पुन्हा आणत, मी दर वेळी विचारी, 'ही नोंद आधीच आहे, दोन्ही एकत्र करू का?' आणि ते दर वेळी 'नको' दाबत. कधी कधी साठ्यातूनच नावे उलटी येत. एकदा एका अहवालाचा लेखक म्हणून 'आरोग्य खाते' आले. मी शिकवल्याप्रमाणे एक शब्द नावाच्या रकान्यात टाकला, एक आडनावाच्या. हावरट गृहस्थांनी आपल्या प्रबंधात बेधडक लिहून टाकले, 'श्री. आरोग्य यांच्या मते'. परीक्षक पोट धरून हसले. गृहस्थांनी परत येऊन माझ्या डोक्यावर चापट मारली आणि सगळे खापर माझ्यावर फोडले. मित्रांनो, मी काय करणार? मला जे येते ते दाखवता येते. खरे काय, हे मला कोणी शिकवलेले नाही.

या विभागाच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. मोठ्या बाई कधी ओरडल्या नाहीत. ओरडणारी माणसे परवडतात, त्यांचा आवाज बसला की आपली सुटका होते. मोठ्या बाई सगळ्यांना 'बाळ' म्हणत. एखाद्याची शिष्यवृत्ती बंद करायची असली तरी आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारत, "जेवलास का बाळ?" हा प्रश्न ऐकला की खोलीतल्या लोकांच्या तोंडचे पाणी पळे.

विभागात एक रीत त्यांनीच पाडली होती. कोणी नवीन रुजू झाले की मोठ्या बाई त्याला हाताला धरून माझ्यासमोर बसवत आणि एक क्रमांक देत. तो विभागाच्या सर्वांत गाजलेल्या लेखाचा असे. "आधी घरचा लेख, मग जगाचे," असे त्या म्हणत. नवख्याने क्रमांक टाकायचा, कळ दाबायची, घरच्यांची नावे पडद्यावर उमटली की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. ज्यांची नावे असत ते आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून छताकडे बघत. पण कान टाळ्यांकडेच असत.

अशाच एका सकाळी ती आली. बारीक चणीची, आवाज त्याहून बारीक. शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांत शेवाळ का आणि कधी धरते, हा तिचा विषय. ती शिडीवर चढून टाक्यांत उतरे, भिंती खरवडून नमुने आणी, आणि तिची नखे कायम हिरवी असत. त्यावरून जावईबापूंनी तिचे नाव शेवाळी ठेवले. जावईबापू म्हणजे मोठ्या बाईंचे जावई. तेही याच विभागात होते. त्यांचे मुख्य काम जावई असणे हे होते, आणि ते त्यांनी मन लावून केले.

शेवाळीने पहिला क्रमांक टाकला, नावे उमटली, टाळ्या झाल्या. तिने त्या नावांकडे असे काही पाहिले की मला गंमत वाटली. हळूच ती म्हणाली, "एक दिवस इथं माझा लेख येईल." माझ्याशिवाय कोणी ऐकले नाही.

तिला लेखाची गरजही तशीच होती. नियम असा होता की स्वतःच्या नावावर एक तरी लेख छापून आल्याशिवाय प्रबंध स्वीकारला जात नाही, आणि प्रबंध झाल्याशिवाय कोणी पक्की नोकरी देत नाही. घरी वडील एकटे होते. ते शिंपी होते. हात बरबटलेले असले की ती फोन माझ्याजवळ टेकवून मोठ्या आवाजात लावी, त्यामुळे त्यांचे बोलणे मला पाठ झाले होते.

"छापून आलं का गं नाव?" ते विचारत.

"येईल हो बाबा. असं लगेच नसतं."

"गिऱ्हाईकं विचारतात. मी सांगून ठेवलंय सगळ्यांना."

"कशाला सांगता?"

"मग काय, लपवू?"

पुढची वर्षे तिने टाक्यांत काढली. जावईबापू एकदा तिच्याबरोबर टाकीपर्यंत गेले होते. शिडी बघून त्यांचे डोके दुखू लागले आणि ते गाडीत बसून राहिले. लेख मात्र तयार झाला. तो तिने लिहिला, मोठ्या बाईंनी वाचला आणि मोठ्या बाईंच्याच हाताने तो एका नामांकित नियतकालिकाकडे गेला. 'बाहेर पाठवायचं काम प्रमुखाचं' ही विभागातली आणखी एक रीत.

लेख छापून आल्याचे कळले ती दुपारची वेळ होती. सगळे माझ्याभोवती जमले. शेवाळीने हात धुऊन, पुसून, पुन्हा धुऊन क्रमांक टाकला. कडे फिरले. पहिले नाव आले जावईबापूंचे. दुसरे मोठ्या बाईंचे. तिसरे एका बड्या पाहुण्या प्राध्यापकांचे, ज्यांनी ते शहर विमानातून पाहिले असेल तर असेल. चौथे जावईबापूंच्या मित्राचे, कारण सूक्ष्मदर्शक त्याने मिळवून दिला होता. मग मथळा आला. तिचाच, शब्दन् शब्द.

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. मग कोणाला फोन आठवला, कोणाला चहा. खोली रिकामी झाली.

शेवाळीने क्रमांक पुन्हा टाकला. मी विचारले, ही नोंद आधीच आहे, दोन्ही एकत्र करू का? तिने 'नको' दाबले आणि पुन्हा टाकला. तीच चार नावे. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की माझ्यात काहीतरी बिघाड असता तर किती बरे झाले असते. पण मी ठणठणीत होतो.

थोड्या वेळाने मोठ्या बाई स्वतःच आल्या. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "जेवलीस का बाळ?"

"बाई, माझं नाव राहिलंय."

"राहिलं नाही गं. काढावं लागलं. जावईबापूंची बढती अडलीय ना. फार नावं झाली की समितीला वाटतं, गर्दीनं केलेलं काम आहे."

"पण पाहुण्यांनी तर काहीच केलं नाही."

"म्हणूनच तर त्यांना नाव द्यावं लागतं, बाळ. ज्यांनी काही केलेलं नसतं त्यांना राग येतो. तू केलंयस. तुला समाधान आहे ना?"

 मोठ्या बाईंनी तिची बट कानामागे सारली.

"आणि इतकं काय मनाला लावून घ्यायचं? दुसरे लोक उल्लेख देतील तेव्हा पहिलं नाव लिहितील आणि पुढे 'व इतर'. तू 'इतर'मध्ये आहेस असं समज. पुढच्या लेखात घालू तुझं नाव. तोवर कुठे बोलू नकोस. इथून बाहेर पडलीस तर तुला कोणी पाणीसुद्धा विचारणार नाही."

त्या गेल्या. जाताना त्यांनी गळका नळ घट्ट केला. पाणी वाया गेलेले त्यांना खपत नसे.

पुढच्याच आठवड्यात शिंपी यायचे ठरले. दुकान बंद ठेवून, लांबचा प्रवास करून, मुलीचे नाव बघायला. तिने फोनवर नाना सबबी सांगितल्या. ते म्हणाले, "अगं, मी वाचणार नाही, नुसतं बघणार." यावर कोणती सबब चालणार?

ते येणार त्या सकाळी शेवाळी लवकर आली. तिने ती नोंद उघडली, लेखकांच्या रकान्यात चौथ्या नावाखाली जागा केली आणि स्वतःचे नाव टाइप केले. मी ते ठेवून घेतले. आपोआप आलेले आणि हाताने लिहिलेले, माझ्या लेखी सारखेच. पण एक सांगतो. खोटे लिहायचेच तर ती पहिल्या ओळीत लिहू शकली असती. तिने पाचवे लिहिले. आणि त्यात खोटे ते काय होते, हे मला अजून कळलेले नाही.

शिंपी आले. इस्त्रीचा सदरा, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी. शाळेच्या गणवेशांवर मुलांच्या नावांच्या पट्ट्या शिवून शिवून त्यांना परकी अक्षरेही ओळखता येऊ लागली होती. सुईने टोचलेले बोट त्यांनी माझ्या काचेवर ठेवले आणि एकेक अक्षर चाचपत गेले.

"हे बघ. हे तूच."

"हो, बाबा."

"एवढ्या खाली का गं?"

"मोठ्यांची नावं आधी असतात."

"असू दे, असू दे. शेवटचं नाव लक्षात राहतं." आणि ते हसले. इतक्या वर्षांत माझ्यासमोर बसून असे कोणी हसले नव्हते. उल्लेख बघून कोण हसते?

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या, मागे जावईबापू. शेवाळी उठून माझ्यापुढे आडवी येऊ लागली, पण ती बारीक आणि माझा पडदा रुंद.

"हे वडील का? या काका, बसा. काय बघताय?"

"पोरीचं नाव, बाई. तुमच्या कृपेनं."

मोठ्या बाईंनी चष्मा वर केला आणि पडद्याजवळ आल्या. जावईबापूंनी खालच्या ओळीवर बोट ठेवले आणि तोंड उघडले. मोठ्या बाईंनी त्यांना हातानेच गप्प केले. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"बाळ, ही नोंद शिळी दिसतेय. मूळ माहिती पुन्हा आण बरं."

मित्रांनो, माझ्यात अशी एक कळ आहे. ती दाबली की हाताने केलेले सगळे बदल पुसले जातात आणि मूळ साठ्यात असेल तेच परत येते.

"नंतर करते, बाई."

"आत्ता कर ना. काका एवढ्या लांबून आलेत, त्यांना ताजं दाखवू."

"बाई, प्लीज."

"जेवलीस का तू?" मोठ्या बाईंनी विचारले.

शेवाळीने कळ दाबली. मोठ्या बाईंना स्वतःला दाबता आली असती, जावईबापूंनाही आली असती. पण त्यांना ती तिच्याच बोटाने दाबून हवी होती. कडे फिरले. मी जोर लावून फिरवले, जितके लांबवता येईल तितके लांबवले, पंखा घरघरवला. शेवटी काय, जे आले ते दाखवले. चार नावे.

शिंप्यांचे बोट अजून काचेवर होते. त्याच्याखाली आता कोरी जागा होती.

"कुठं गेलं?" त्यांनी मुलीला विचारले. मग ते मोठ्या बाईंकडे वळले. "आत्ता तर होतं."

"यंत्राचा घोळ आहे, काका," मोठ्या बाई हसून म्हणाल्या. "पेटारा म्हातारा झालाय. काहीही दाखवतो."

जावईबापूंना हसू आवरेना, ते खिडकीकडे वळले.

शिंपी माझ्याजवळ वाकले. मग त्यांनी काखेतला कागद सोडला. आत एक आच्छादन होते. जाड निळे कापड, दुहेरी शिवण, तारांसाठी मागे नेटकी फट. मुलीला फोनवर मापे विचारून त्यांनी ते माझ्यासाठी शिवले होते. ज्या यंत्रात आपल्या मुलीचे नाव आहे ते उघडे का राहावे, म्हणून.

"धूळ गेली असेल आत," ते म्हणाले. "शिलाई यंत्राचंही असंच होतं बघा. धूळ गेली की टाके सुटतात. हे घालत जा त्याच्यावर. मग येईल परत नाव."

त्यांनी स्वतःच्या हाताने ते माझ्यावर घातले आणि कोपरे नीट केले. म्हणून त्यानंतर खोलीत कोणाचे तोंड कसे झाले ते मला दिसले नाही. दार लागल्याचा आवाज तेवढा ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी आच्छादन काढून त्यानेच पांढरा फळा पुसला. कापड चांगले आहे, शाई छान टिपते, असे त्यांनी सगळ्यांना सांगितले. नंतर ते कापड गळक्या नळाखाली गेले आणि तिथेच कुजले.

पुढचा लेख आला, त्यात शेवाळीचे नाव नव्हते. त्याच्या पुढच्यात घालू, असे मोठ्या बाई म्हणाल्या, आणि ती थांबली. तुम्ही म्हणाल, सोडून का गेली नाही? कुठे जाणार? तिने घासलेल्या टाक्या दुसऱ्याच्या नावावर होत्या. बाहेर तिने तेच काम दाखवले असते तर लोकांनी तिलाच चोर म्हटले असते. जावईबापूंना बढती मिळाली. पाहुण्यांना सन्मान मिळाला. तो लेख एवढा गाजला की दूरदूरचे लोक त्याचा उल्लेख देऊ लागले, जावईबापू व इतर, जावईबापू व इतर.

फोन मात्र माझ्याजवळ वाजत राहिला.

"झालं का गं दुरुस्त ते यंत्र?"

"अजून नाही, बाबा."

"आच्छादन घालता ना?"

"घालतो."

"मग होईल."

पुढे एका वर्षी वडिलांच्या आजारपणाचा निरोप आला आणि ती बरेच दिवस आली नाही. परत आली तेव्हा तिचे केस मागे घट्ट बांधलेले होते, आणि त्यानंतर माझ्याजवळ तो फोन कधी वाजला नाही. मोठ्या बाईंनी तिला जवळ घेतले आणि राहिलेल्या दिवसांची रजा बिनपगारी केली.

मागच्या आठवड्यात विभागात नवे संगणक आले. माझ्यातल्या सगळ्या नोंदी त्यांच्यात हलवल्या गेल्या. त्याच दिवशी एक नवी मुलगी रुजू झाली. मोठ्या बाई आता थकल्या आहेत, नवख्यांना बसवायचे काम त्यांनी शेवाळीकडे दिले आहे. माझ्यातले अजून पुसले नव्हते, म्हणून शेवाळीने तिला माझ्यासमोर बसवले. क्रमांक तिने तोंडपाठ सांगितला.

"आता कळ दाब."

चार नावे उमटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवाळीनेही वाजवल्या. रीतच आहे ती.

"ताई, हा इथला सगळ्यात चांगला लेख का?" मुलीने विचारले.

"हो, असं म्हणतात."

"तुम्ही वाचलाय?"

शेवाळीने आपल्या नखांकडे पाहिले. ती हिरवीच होती.

"वाचलाय," ती म्हणाली. "टाक्या चांगल्या घासल्यात." आणि ती दुसरा क्रमांक सांगू लागली.

मित्रांनो, माझी कहाणी इथे संपते. रीतीप्रमाणे शेवटी मी तुम्हाला विनवायला हवे की यंत्रे जपा, त्यांना झाकून ठेवा, त्यांच्यावर धूळ बसू देऊ नका. जमले तर करा. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. कधी असा लेख मागवलात आणि नावे झरझर येऊन बसली, तर ती वाचून झाल्यावर विचारा की टाकीत कोण उतरले होते. यंत्राला विचारू नका. आम्ही आलेले तेवढेच दाखवतो. जवळ उभ्या असलेल्या माणसाला विचारा, आणि तो गप्प राहिला तर त्याच्या नखांकडे बघा.

दाराशी दोन माणसांची पावले वाजत आहेत. मला उचलताना ती माझे झाकण उघडतील, माझ्यातले काही उपयोगाचे निघते का ते बघतील. मी आतून अगदी स्वच्छ आहे. माझ्यात धूळ कधीच गेली नव्हती. त्या शिंप्याला हे कोणीतरी सांगायला हवे होते.